बँकेचं गुपित आणि नवऱ्याचा फोन

बँकेने खातेदाराची माहिती बाहेर सांगू नये, हे आपल्याला इतकं स्वाभाविक वाटतं की त्यालाही काही इतिहास असेल हे मनात येत नाही. इंग्लंडमध्ये अपील न्यायालयाने हे कर्तव्य ठामपणे मांडलं ते टूर्निए खटल्यात; १९२४ च्या अहवालांत तो छापला गेला. नवऱ्याला सांगितलं तर काय, हा प्रश्न १९३८ साली सँडरलँड विरुद्ध बार्कलेज बँक या खटल्यात आला. आज बोलायचंय ते या दुसऱ्याबद्दल, पण पहिला समजल्याशिवाय तो कळणार नाही.

टूर्निएच्या खात्यावर नऊ पौंड आणि काही शिलिंगांचा ओव्हरड्राफ्ट होता. आठवड्याला एक पौंड भरण्याचं त्याने कबूल केलं आणि नव्या नोकरीचा पत्ता बँकेला दिला. हप्ते थकले तेव्हा व्यवस्थापकाने त्याच्या मालकांना फोन केला. कशासाठी? तर म्हणे घरचा पत्ता हवा होता! त्या बोलण्यात ओव्हरड्राफ्टही निघाला आणि पैसे बुकींकडे जात असावेत हा संशयही. टूर्निएची नोकरी पुढे चालू राहिली नाही. अपील न्यायालय म्हणालं, गुप्तता हा बँक आणि ग्राहक यांच्यातल्या कराराचाच भाग आहे. अपवाद चार: कायद्याची सक्ती, सार्वजनिक कर्तव्य, बँकेचं स्वतःचं हित, आणि ग्राहकाची उघड किंवा गर्भित संमती. या यादीत जोडीदार नाही, हे ध्यानात ठेवा.

आता सँडरलँडबाई. त्यांनी कपडे शिवणारीला दिलेला चेक वटला नाही. खात्यात पुरेसे पैसे नव्हते हे खरं, पण बँकेच्या मनात आणखी एक कारण होतं: बाई पैजा लावत होत्या. बाईंनी तक्रारीचा फोन केला. बोलणं चालू असताना नवऱ्याने फोन आपल्याकडे घेतला आणि जाब विचारू लागला. बँकेकडून त्याला उत्तर मिळालं की बाईंचे बरेचसे चेक बुकींच्या नावाने जातात. बाईंनी दावा लावला. न्यायमूर्ती दु पार्क यांनी तो फेटाळला. बँकेवर आरोप होत होता, तेव्हा खुलासा करणं तिच्या हिताचं होतं. आणि नवरा बायकोच्या वतीने बोलत होता, त्यामुळे तिची संमती गृहीत धरता येते, असं त्यांचं म्हणणं.

म्हणजे बघा, यादीत नसलेला नवरा 'संमती'च्या दाराने आत आला.

संमती ही मोठी निसरडी कल्पना आहे. नवऱ्याने माझ्या वतीने भांडावं याला मी संमती दिली, म्हणजे माझ्याबद्दलचं सगळं त्याने ऐकावं यालाही दिली का? वकील लावणं आणि वकिलाला घरच्या तिजोरीची किल्ली देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'शिल्लक अपुरी होती' एवढ्या उत्तराने बँकेचा बचाव होत होता. बुकी कशाला हवे होते? मला हा निकाल पटत नाही. मात्र न्यायाधीशांच्या बाजूने हेही म्हणायला हवं की फोनवर समोरचा माणूस तावातावाने विचारत असताना 'तुम्हाला सांगता येत नाही' म्हणणंसुद्धा बरंच काही सांगून जातं.

या निकालामागे जुनी सवय दिसते. १९व्या शतकात बराच काळ इंग्लिश कॉमन लॉप्रमाणे लग्न झालं की बाईची जंगम मालमत्ता नवऱ्याची होत असे. तिचं गुपित त्याच्यापासून राखायचं, हा प्रश्नच तिथे उद्भवत नव्हता! १८७० च्या कायद्याने तिची कमाई तिची झाली, १८८२ च्या कायद्याने मालमत्ताही. पैसा वेगळा झाला, पण पैशाबद्दलची माहिती मात्र घराची सामाईक समजली जात राहिली.

आपल्याकडे हाच इंग्लिश वारसा आला. स्टेट बँकेच्या १९५५ च्या कायद्यातलं ४४ वं कलम आणि राष्ट्रीयीकरणाच्या १९७० च्या कायद्यातलं १३ वं कलम गुप्तता सांगतं. 'बँकांच्या रूढीप्रमाणे' आवश्यक वा उचित असेल तेव्हा सूट देतं. नवरा-बायकोचा वेगळा उल्लेख त्यात नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये कॅनरा बँकेच्या खटल्यात म्हटलं की खासगीपण माणसाचं असतं, जागेचं नव्हे. कागद बँकेत ठेवले म्हणून ते संपत नाही. तिथे समोर सरकारी अधिकारी होते, घरातलं माणूस नव्हतं.

इथे थांबतो. प्रश्न असतील ते घेऊ.