सिंहासनामागचा पडदा

कोरियात घडीच्या चित्रित पडद्याला 'ब्योंगपुंग' म्हणतात. शब्दाचा अर्थ साधा : वारा अडवणारा आडोसा. लाकडी चौकटींवर कागद किंवा रेशीम ताणायचे, त्यावर चित्र काढायचे आणि चौकटी एकमेकींना जोडायच्या. पण जोसोन राजवटीत (१३९२–१९१०) हा आडोसा वाऱ्यापेक्षा माणसांना त्यांची पायरी दाखवण्याच्या कामी अधिक आला.

राजाच्या आसनामागे ठरलेलेच चित्र असे : पाच शिखरे, लाल सूर्य, पांढरा चंद्र, दोन धबधबे, खाली लाटा. चित्रात माणूस नाही. मधली जागा राजाने बसून भरायची. राजा प्रवासाला निघाला की पडदाही निघे. तो उघडला जाई तिथे दरबार. समारंभाच्या चित्रांत राजाला दाखवण्याची तर प्रथाच नव्हती. १७९५ मध्ये राजा जोंगजो ह्वासोंगला गेला. त्या सोहळ्याच्या चित्रांत आसन रिकामे, मागे पडदा, आणि समोर दर्जाप्रमाणे ओळीने अधिकारी. माझे आजोबा सांगत, पाटील चावडीत नसला तरी त्याच्या रिकाम्या बैठकीसमोरून वहाणा घालून जाता येत नसे. ही चित्रे मला समजावून घ्यावी लागली नाहीत.

पडदे रंगवणारे दरबारी चित्रशाळेतले नोकर. पडद्यावर त्यांची सही नसे. रंग धरून ठेवणारा सरस गुरांच्या कातड्याचा. आणि कातड्याचे काम पेकजोंग या बहिष्कृतांचे. मी वाचलेली पुस्तके शिखरांचा प्रतीकार्थ पानेच्या पाने सांगतात, सरसाविषयी एक ओळ लिहितात, आणि तो करणाऱ्याविषयी तीही नाही.

लग्नात साध्या शेतकऱ्यालाही एका दिवसापुरता दरबारी पोशाख घालण्याची मुभा होती; मेजामागे फुलांचा पडदा उभा राही. पेकजोंगाला रेशीम वर्ज्य. नवरदेवाने घोड्यावर बसायचे नाही, नवरीला पालखी नाही. (आपल्याकडच्या वराती आठवाव्यात.) १८९४ च्या सुधारणांनी हे कायद्याने संपले, व्यवहारात नाही. १९२३ मध्ये जिंजू येथे पेकजोंगांनी 'ह्योंगप्योंगसा' ही संघटना काढली. 'ह्योंग' म्हणजे तराजूची दांडी. खाटीककाम करणाऱ्या त्या माणसांच्या ती रोज हाती असे. सरकारी नोंदवहीतली जातीची खूण पुसावी आणि मुलांना शाळेत घ्यावे, या त्यांच्या मागण्या होत्या.