तळटीप : ओढ्याकाठचा वाळुंज
* लेखकाने इथे नुसते 'वाळुंज' म्हटले आहे. हा आपल्याकडचा देशी विलो, सॅलिक्स टेट्रास्पर्मा. बागेतला झुकलेल्या फांद्यांचा विलो चीनकडचा, तर क्रिकेटच्या बॅटी होतात तो आणखी वेगळा. वाळुंज सह्याद्रीतल्या ओढ्यानाल्यांच्या आणि नद्यांच्या काठी, पाय पाण्यात बुडवूनच वाढतो. पान लांबट, टोकदार. उलटून पाहिले की पाठ पांढुरकी. पावसाळा सरल्यावर पाने झडतात आणि नव्या पालवीसोबत लोंबते तुरे येतात. नर-मादी झाडे वेगळी असल्याने एकटे झाड पाहून 'याला फळच धरत नाही' म्हणणाऱ्यांनी आधी तुरा तपासावा. विलोंचे परागण बरेचसे मधमाश्या करतात, थोडे वारा.

मादी झाडाची बोंडे उकलली की कापसासारखे तंतू घेऊन बारीक बी उडते. त्यात साठवणीचे अन्न जवळपास नसतेच, त्यामुळे थोड्याच दिवसांत ओला, उघडा गाळ मिळाला तर रुजते, नाहीतर संपते. ओसरत्या पाण्याने मोकळा सोडलेला काठ त्याला नेमका मानवतो. दगडी-सिमेंटच्या भिंतींनी बांधलेल्या ओढ्यात ती सोय उरत नाही. फांदी मात्र ओल्या मातीत खोचली तरी मुळे धरते. या मुळांचे जाळे काठाची माती पुरातही धरून ठेवते. तांबट बिबळ्या फुलपाखराच्या सुरवंटांना त्याची कोवळी पाने चालतात. तांबट हे एरवीचे त्यांचे खाद्यझाड.

— संपा.