आवृत्ती एक, म्हणून मॉड्यूलही एक?

कर्नलचा आवृत्ती-क्रमांक जुळला की एका प्रोसेसरच्या बांधणीवर कंपाइल केलेले मॉड्यूल एसएमपी कर्नलवरही चालले पाहिजे, असे चांगले अनुभवी लोकही म्हणतात. लिनक्सने ‘इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट’ म्हणून हात वर केले, तर ते नसते सोवळे समजून मॉडप्रोबला सक्तीचा पर्याय देतात. वर विचारतात, प्रोसेसर एकच असला तर कुलपे लागतातच कशाला?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू. नंदुरबारच्या मिरची बाजारात मापाडी एकटा असला, तरी वजन टिपताना मध्येच कोणी हाक मारली की आकडा चुकू शकतो. प्रोसेसरला ती हाक इंटरप्टची असते. म्हणून एकल बांधणीतही स्पिन-लॉक-आयआरक्यू-सेव्ह इंटरप्ट बंद करतेच; गळून पडतो तो फक्त लॉकचा भाग.

आणि खरी गोम त्या गळण्यातच आहे. समजा, कर्नल आणि मॉड्यूल दोघेही वापरतात अशा एका स्ट्रक्चरमध्ये आधी स्पिनलॉक आहे, मग पॅकेटांची गणती. डीबगिंग बंद असलेल्या एकल बांधणीत स्पिनलॉकचा आकार शून्य बाइट. गणती थेट पहिल्या जागेवर. एसएमपीत एक्स86 वर लॉक 4 बाइट घेतो आणि गणती पुढे सरकते. आता सक्तीने आत घुसवलेले मॉड्यूल गणती वाढवायला जाते आणि वाढवते कुलूपच! क्रमांक जुळला म्हणून काय झाले? ग्रेग क्रोह-हार्टमन यांनी कर्नलच्या अंतर्गत इंटरफेसवरील आपल्या टिपणात कंपाइल पर्यायांचा हाच मुद्दा मांडला आहे.

वेगळ्या बांधण्या मुळात उगाच नव्हत्या, हेही मान्य करू. ‘लॉक’ प्रीफिक्स लावलेली सूचना महाग पडते. एकट्या प्रोसेसरने तो भुर्दंड का सोसावा? म्हणून रेड हॅट एकेकाळी एसएमपी कर्नलचे पॅकेज निराळे देत असे. पण 2006 च्या 2.6.17 पासून एक्स86 वर एसएमपी कर्नल बूट होताना एकच प्रोसेसर दिसला, तर ते प्रीफिक्स स्वतःच काढून टाकू लागले. बांधणी एक, मॉड्यूलही एक. सुसंगती अशी मिळते, सक्तीने नव्हे.

तेव्हा सक्तीचा पर्याय टाइप करण्याआधी मॉडइन्फो चालवा आणि व्हरमॅजिकची ओळ वाचा. कर्नल एसएमपी असून त्या ओळीत तो शब्द नसेल, तर चालू कर्नलच्या हेडरवर मॉड्यूल पुन्हा कंपाइल करा.