पक्ष्यांमधील असामान्य पांढरा पिसारा

एरवी काळ्या, करड्या किंवा तपकिरी रंगाच्या पक्षिजातीतील एखाद्या पक्ष्याची पिसे जन्मतः अथवा पुढील आयुष्यात पूर्णतः किंवा अंशतः पांढरी असणे यास असामान्य पांढरा पिसारा म्हणतात. नांदेड व लातूर जिल्ह्यांत अंगणात नेहमी दिसणाऱ्या चिमणी, गावकावळा, साळुंकी, लालबुड्या बुलबुल आणि सातभाई या जातींमध्ये असे पक्षी भारतात अनेक ठिकाणी नोंदले गेले आहेत. वृत्तपत्रांतून अशा प्रत्येक पक्ष्यास सरसकट ‘अल्बिनो’ म्हटले जाते. ही ओळख बहुतेक वेळा चुकीची असते.

== कारणे ==
पिसांतील काळा, करडा, तपकिरी व तांबूस रंग मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे येतो. पिवळा व लाल रंग बहुतेक पक्ष्यांत आहारातून मिळणाऱ्या कॅरोटिनॉइड द्रव्यांमुळे येतो आणि मेलॅनिन नाहीसे झाले तरी तो टिकून राहतो. त्यामुळे पांढऱ्या बुलबुलाच्या शेपटीखालचा भाग लालच असतो, तर पांढऱ्या साळुंकीची चोच व पाय पिवळे राहतात. पोपटाचा हिरवा रंग पिवळे रंगद्रव्य आणि पिसांच्या रचनेमुळे दिसणारा निळा रंग यांच्या मिश्रणातून तयार होतो. मेलॅनिनवाचून निळा रंग दिसत नाही, म्हणून असा पोपट पांढरा न दिसता पिवळा दिसतो.

== प्रकार ==
लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या ट्रिंग येथील पक्षिसंग्रहातील अभ्यासक हाइन व्हान ग्रो यांनी २००६ मध्ये ‘डच बर्डिंग’ या नियतकालिकात रंगविकृतींचे सुस्पष्ट वर्गीकरण मांडले. २०१६ मध्ये त्याच नियतकालिकात अनिल महाबळ व सहकाऱ्यांसमवेत त्यांनी भारतीय पक्ष्यांच्या जुन्या नोंदी तपासल्या. ‘अल्बिनो’ म्हणून छापलेल्या अनेक नोंदी प्रत्यक्षात अन्य प्रकारांच्या असल्याचे त्यातून दिसून आले.

अल्बिनिझममध्ये मेलॅनिन तयार करणारे टायरोसिनेज हे विकर कार्य करीत नाही. सर्व पिसे पांढरी व डोळे लाल-गुलाबी असतात. डोळ्यांतही मेलॅनिन नसल्याने दृष्टी अधू असते व प्रखर प्रकाश सहन होत नाही. असे पिल्लू घरटे सोडल्यानंतर फार काळ जगत नाही. त्यामुळे गल्लीत महिनोन्‌महिने वावरणारा प्रौढ पांढरा कावळा अल्बिनो असण्याची शक्यता जवळपास नसते. ‘अंशतः अल्बिनो’ ही संज्ञाही त्याच कारणाने निरर्थक ठरते.

ल्युसिझममध्ये रंगपेशी त्वचेच्या काही किंवा सर्व भागांत पोहोचतच नाहीत. पांढरे ठिपके बहुधा दोन्ही बाजूंस सारखे असतात, ते पिल्लूपणापासून दिसतात व पुढे वाढत नाहीत. पूर्ण पांढऱ्या गावकावळ्याची चोच व पाय गुलाबी, परंतु डोळे गडद असतात. याउलट क्रमशः होणाऱ्या पांढरेपणात पिल्लू सर्वसाधारण रंगाचे असते आणि प्रत्येक पीसझडीनंतर विखुरलेली पांढरी पिसे वाढत जातात. चोच व पाय बहुधा मूळ रंगाचे राहतात. अंगणातील ठिपकेदार चिमण्या व साळुंक्या पुष्कळदा या प्रकारच्या असतात. निकृष्ट आहारामुळेही कावळ्याच्या पंखांत फिकट पट्टे पडतात. आहार सुधारल्यास ते पुढील पीसझडीत नाहीसे होतात.

मराठवाड्याच्या उन्हात सर्वाधिक फसवणारा प्रकार म्हणजे ‘ब्राउन’ उत्परिवर्तन. यात काळे मेलॅनिन पुरेसे पक्व होत नाही व पीस तपकिरी राहते. असे पीस उन्हाने झपाट्याने विटते. साळुंकी व चिमणी विणीनंतर वर्षातून एकदा सर्व पिसे बदलतात. म्हणून मे महिन्यात जवळजवळ पांढरा दिसणारा पक्षी पावसाळ्याअखेरीस तपकिरी दिसतो आणि तो दुसराच पक्षी असल्याचा समज होतो. हे उत्परिवर्तन लिंगसंलग्न व अप्रभावी असून मादीत एकच झेड गुणसूत्र असल्याने निसर्गात आढळणारे असे पक्षी बहुतेक माद्याच असतात.

== ओळख ==
प्रथम पक्ष्याची जात ठरवावी लागते. गोदावरी व मांजरा यांच्या काठचे गायबगळे व धोबी, बागांतील दयाळ आणि लांब शेपटीचा स्वर्गीय नर्तक (प्रौढ नर) यांचा पांढरा रंग नैसर्गिक आहे. पांढरी कबुतरे बहुधा पाळीव वंशाची असतात. जाड गुलाबी चोचीची पांढरी ‘चिमणी’ ही पिंजऱ्यातून सुटलेली जावा चिमणी असू शकते. आकार, चोचीची ठेवण, आवाज आणि सोबतचा थवा यांवरून मूळ जात कळते. पांढरी झाली तरी साळुंकी साळुंकीसारखीच चालते व ओरडते.

त्यानंतर डोळ्याचा रंग पाहतात. फ्लॅशच्या छायाचित्रात गडद डोळाही लाल दिसतो आणि दुपारच्या उन्हात फिकट तपकिरी पीस पांढरे उमटते, त्यामुळे सावलीतील छायाचित्र अधिक विश्वसनीय असते. एकाच छायाचित्रावरून ल्युसिझम व क्रमशः होणारा पांढरेपणा यांतील भेद नेहमी करता येत नाही. त्यासाठी तोच पक्षी पीसझडीपूर्वी व नंतर पाहावा लागतो.

== संरक्षण व नोंदी ==
वेगळ्या रंगामुळे असा पक्षी शिकारी पक्ष्यांच्या नजरेस लवकर पडतो, कधी स्वजातीयही त्याला हुसकावतात. कुतूहलापोटी किंवा विक्रीसाठी त्याला पकडण्याचा धोका वेगळाच. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार देशी वन्य पक्षी पकडणे व पाळणे सामान्यतः गुन्हा आहे. कावळा पूर्वी या कायद्याच्या उपद्रवी प्राण्यांच्या पाचव्या अनुसूचीत होता. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूची वगळण्यात आली. ‘ईबर्ड’सारख्या संकेतस्थळावर नोंद करताना दिनांक, ठिकाण, डोळे, चोच व पाय यांचे रंग आणि पांढऱ्या पिसांची नेमकी जागा दिल्यास प्रकार नंतरही निश्चित करता येतो.