पटकीच्या विषाचा शोध लावणारे डॉ. शंभुनाथ डे

पटकीचे जंतू आतड्यात एक विष सोडतात आणि त्या विषामुळे रुग्णाच्या शरीरातील पाणी झपाट्याने वाहून जाते, हे आज वैद्यकाचा कोणताही विद्यार्थी सांगू शकतो. असे विष खरोखरच अस्तित्वात आहे, याचा खात्रीचा प्रायोगिक पुरावा मात्र जंतूची ओळख पटल्यानंतर ७५ वर्षांनी, १९५९ मध्ये मिळाला. तो पुरावा देणारे डॉ. शंभुनाथ डे (१९१५-१९८५) हे कलकत्ता मेडिकल कॉलेजमध्ये विकृतिशास्त्र शिकवणारे डॉक्टर होते. रुग्णालयातील नित्याचे काम, अध्यापन आणि संशोधन ही तिन्ही ओझी एकाच माणसाने वाहिल्याचे भारतीय वैद्यकातील हे ठळक उदाहरण होय.

डे यांचा जन्म १ फेब्रुवारी १९१५ रोजी बंगालमधील हुगळी जिल्ह्यातील एका खेड्यात, बेताच्या परिस्थितीतील कुटुंबात झाला. शिष्यवृत्तीच्या आधारे हुगळी मोहसीन कॉलेज आणि त्यानंतर कलकत्ता मेडिकल कॉलेज असे त्यांचे शिक्षण झाले. १९३९ मध्ये वैद्यकीय पदवी व १९४२ मध्ये उष्णकटिबंधीय रोगांवरील पदविका त्यांनी मिळवली. १९४७ मध्ये ते लंडनला गेले आणि सर रॉय कॅमेरॉन यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये पीएच.डी. होऊन परतले. लंडनमधील त्यांच्या अभ्यासाचा पटकीशी काही संबंध नव्हता. तो विषय त्यांना मायदेशी, कलकत्त्याच्या नीलरतन सरकार मेडिकल कॉलेजात रुजू झाल्यावर भेटला. पटकीचे रुग्ण तेथे सतत दाखल होत होते आणि त्यांपैकी अनेक दगावत होते.

या रोगाचे भय महाराष्ट्रालाही नवे नाही. मरीआईचा गाडा गावाच्या वेशीबाहेर नेऊन सोडण्याची प्रथा त्याच भयातून जोपासली गेली. पटकीचे मूळ घर मात्र गंगेच्या मुखाचा प्रदेश मानला जातो आणि १८१७ ची पहिली जागतिक साथही बंगालमधूनच पसरली. १८८४ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यातच या रोगाच्या जंतूवर शिक्कामोर्तब केले. हा जंतू एखादे विशिष्ट विष निर्माण करत असावा, असे अनुमानही त्यांनी त्याच वेळी मांडले होते. अनुमान बरोबर होते. ते सिद्ध करण्याची वाट मात्र पुढील संशोधकांना सापडली नाही. जंतूचे शरीर फुटल्यावर बाहेर पडणारे विष हेच पटकीचे कारण असावे, अशी कल्पना १८९० च्या दशकात रूढ झाली. मग प्राण्यांच्या शिरेत किंवा पोटाच्या पोकळीत जंतू टोचून पाहण्याचे प्रयोग पिढ्यानपिढ्या चालू राहिले. प्राणी मरत. पटकीचे खरे लक्षण असलेले जुलाब मात्र त्यांना होत नसत. प्रौढ सशाला जंतू खाऊ घातले तरी तो ठणठणीत राही. जुलाबच नसलेल्या प्राण्यावर पटकीचा अभ्यास होत होता, ही विसंगती फारशी कुणाला खुपली नाही, याचे आज नवल वाटते.

डे यांनी प्रश्न मुळापासून पाहिला. रोग आतड्याच्या पोकळीत घडतो, तेव्हा जंतू तेथेच ठेवून काय होते ते पाहावे, असा त्यांचा विचार होता. सशाला भूल द्यायची, पोट उघडायचे, लहान आतड्याचा काही इंचांचा तुकडा दोन्ही बाजूंनी दोऱ्याने बांधून उरलेल्या आतड्यापासून वेगळा करायचा, त्यात जंतूंचे थोडेसे द्रावण सोडायचे आणि पोट शिवून टाकायचे, अशी ही पद्धत होती. दुसऱ्या दिवशी तो तुकडा पाण्याने टम्म फुगलेला आढळे आणि आतील द्रव रुग्णाच्या भाताच्या पेजेसारख्या जुलाबांशी मिळताजुळता असे. नुसते निर्जंतुक द्रावण घातलेला शेजारचा तुकडा मात्र रिकामाच राही. सहकारी डी. एन. चॅटर्जी यांच्यासह डे यांनी हा प्रयोग १९५३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यासाठी महागड्या यंत्रसामग्रीची गरज नव्हती. शस्त्रक्रियेचा सराव असलेला हात, सुई-दोरा आणि रुग्णशय्येजवळ उभे राहून पडलेला नेमका प्रश्न एवढ्यावर भागले. पुढे १९५६ मध्ये जुलाबाच्या इतर रुग्णांतील कोलाय जंतूंवर हीच पद्धत वापरून, त्यांचेही काही प्रकार आतड्यात असेच पाणी जमवतात, हे त्यांनी सहकाऱ्यांसह दाखवले. प्रवासात आणि बालपणी होणाऱ्या जुलाबांच्या अभ्यासाला या निरीक्षणाचा पुढे मोठा उपयोग झाला.

आतड्यात पाणी खेचून आणतात ते खुद्द जंतू की त्यांनी बाहेर टाकलेला पदार्थ, हा प्रश्न उरला होता. १९५५ पासून डे कलकत्ता मेडिकल कॉलेजात विकृतिशास्त्र व जंतुशास्त्र विभागाचे प्रमुख होते. पटकीचे जंतू ज्यात वाढवले होते ते द्रव त्यांनी गाळून पूर्णपणे जंतुरहित केले आणि सशाच्या बांधलेल्या आतड्यात सोडले. आतडे पूर्वीप्रमाणेच पाण्याने भरले. जंतू नसतानाही रोगाचे मुख्य लक्षण उमटले, म्हणजे विष जंतूच्या शरीराबाहेर द्रवात उतरलेले होते. एकट्या डे यांच्या नावाने हा छोटा लेख मे १९५९ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. योगायोग असा, की त्याच वर्षी मुंबईच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये एन. के. दत्ता, एम. व्ही. पानसे आणि डी. आर. कुलकर्णी यांनी सशाच्या पिलांवर स्वतंत्रपणे प्रयोग करून पटकीतील विषाची भूमिका दाखवली. कलकत्ता आणि मुंबई या दोन शहरांतून एकाच वर्षी आलेले हे निष्कर्ष एकमेकांना पूरक ठरले.

विष शुद्ध स्वरूपात वेगळे करण्याचे काम १९६९ मध्ये अमेरिकेत रिचर्ड फिंकेलस्टाइन व जोसेफ लोस्पालुटो यांनी पूर्ण केले. या विषाचे दोन भाग असतात. एक आतड्याच्या पेशीला चिकटतो, तर दुसरा पेशीत शिरून क्षार बाहेर टाकणारी यंत्रणा अखंड चालू ठेवतो. क्षारांमागोमाग पाणी जाते. तीव्र रुग्णाच्या शरीरातून तासाला सुमारे १ लिटरपर्यंत पाणी जाऊ शकते आणि काही तासांतच त्याचा मृत्यू ओढवू शकतो. मात्र या गडबडीत आतड्याचे अस्तर शाबूत राहते आणि साखरेबरोबर मीठ शोषून घेण्याची त्याची क्षमताही टिकून असते. मीठ-साखरेच्या पाण्याचा उपचार याच क्षमतेवर उभा आहे. १९७१ मध्ये बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या काळात बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत शिरेवाटे द्यायचे सलाइन अपुरे पडू लागले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हे पाणी तोंडावाटे देण्याचा निर्णय घेतला. तेथील मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३ टक्क्यांच्या आसपास आले.

डे यांच्या वाट्याला कौतुक उशिरा आले आणि तेही परदेशातून. त्यांच्या शोधाची व्याप्ती लक्षात यायला जगालाच काही वर्षे लागली. १९७३ मध्ये ते निवृत्त झाले. १९७८ मध्ये स्टॉकहोम येथे पटकी व तत्सम रोगांवर भरलेल्या नोबेल परिसंवादाचे निमंत्रण त्यांना मिळाले. नोबेलविजेते जोशुआ लेडरबर्ग यांनी नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव एकाहून अधिक वेळा सुचवले होते. भारतातील कोणत्याही प्रमुख विज्ञान अकादमीने मात्र त्यांना सदस्यत्व दिले नाही, मोठा राष्ट्रीय सन्मानही त्यांच्याकडे आला नाही. यामागे कुणाचा आकस होता असे मानण्याची गरज नाही. वैद्यकीय महाविद्यालयातील अध्यापकाने मूलभूत विज्ञानात भर घालावी, ही अपेक्षाच तेव्हा नव्हती. जी गोष्ट अपेक्षित नसते ती घडली तरी दिसत नाही. १५ एप्रिल १९८५ रोजी डे यांचे निधन झाले. बेंगळुरूच्या ‘करंट सायन्स’ या नियतकालिकाने १९९० मध्ये त्यांच्या कार्यावर विशेषांक काढला, तेव्हा देशातील वैज्ञानिक वर्तुळात त्यांच्याविषयी प्रथमच विस्ताराने चर्चा झाली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी १३ लाख ते ४० लाख लोकांना पटकी होते. या रोगावरील तोंडावाटे घ्यायच्या एका लशीत मारलेल्या जंतूंबरोबर त्याच विषाचा, पेशीला चिकटणारा पण अपाय न करणारा भाग मिसळलेला असतो. एखादा जंतू आतड्यात विष सोडतो की नाही हे तपासण्यासाठी सशाच्या बांधलेल्या आतड्याची पद्धत पुढे अनेक देशांच्या प्रयोगशाळांत रूढ झाली.