तबकडी ते हाय-रेझ : फरक कानाला कळतो की मनाला?

आजचा विषय तुम्हा टिटवाळेकरांच्या रोजच्या प्रवासातलाच आहे. इथून सीएसएमटी सुमारे ६४ किलोमीटर, म्हणजे लोकलमध्ये दीड तास तरी जातोच. त्या दीड तासात निम्म्या डब्याच्या कानात हेडफोन असतात. आणि आता संगीताची ॲप्स म्हणतात, ‘हाय-रेझोल्यूशन’ घ्या, स्टुडिओतला मूळ आवाज ऐका. तर प्रश्न सरळ आहे. तो फरक खरंच ऐकू येतो का? आम्ही याचं उत्तर इतिहासातून शोधणार आहोत, कारण ‘हुबेहूब आवाज’ हे वचन आपल्याला पहिल्यांदा दिलं जात नाहीये.

१९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायसबर्ग कलकत्त्यात आला आणि त्यानं गौहर जान यांचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. भोंग्यात तोंड घालून गायचं, त्या हवेच्या धक्क्यानं सुई मेणावर रेघ कोरायची. या पद्धतीत साधारण अडीच हजार हर्ट्झच्या वरचं फारसं काही टिकत नसे. तरुण माणसाचा निरोगी कान वीस हजारांपर्यंत ऐकतो, हे लक्षात घ्या.

आता गंमत बघा. अमेरिकेत एडिसनच्या कंपनीनं १९१५ पासून दहाएक वर्षं जाहीर प्रयोग केले. रंगमंचावर गायिका आणि शेजारी यंत्र. दिवे मालवायचे, कधी गायिका गाणार, कधी तबकडी. ओळखा पाहू! हजारो लोकांनी सांगितलं, फरक कळत नाही. ॲना केस या गायिकेनं पुढं कबूल केलं, की आपण तबकडीच्या आवाजाला जुळेल इतकाच आवाज लावत होतो. म्हणजे आज आपल्याला खरखरीत वाटणारी तबकडी त्या लोकांनी ‘हुबेहूब’ म्हणून स्वीकारली होती. ते बहिरे नव्हते, चाचणीच सदोष होती. इतिहासाचा पहिला धडा हाच, की कानाच्या साक्षीची उलटतपासणी करावी लागते.

दुसरा धडा आपल्या घरचा आहे. ७८ फेऱ्यांच्या तबकडीत एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं मावायची. अब्दुल करीम खाँसाहेबांसारख्या गवयांना तासाभराचा राग त्यात बसवावा लागला. बढत गेली, विलंबित आक्रसलं, मुखडा आणि तान घाईनं आली. कल्याण गायन समाजासारख्या ठिकाणी रात्र-रात्र गाणं ऐकणाऱ्या श्रोत्यांना तबकडीत काय कमी वाटलं असेल? वरचे हर्ट्झ नव्हेत, वेळ! १९४८ मध्ये अमेरिकेत एलपी आली, एका बाजूला वीस मिनिटांहून जास्त जागा मिळाली, आणि ती इथं रुळल्यावर ख्याल पुन्हा पाय पसरून बसला. हा फरक कुणालाही, कुठल्याही यंत्रावर ऐकू येतो. ध्वनिमुद्रणाच्या इतिहासातले मोठे फरक असे असतात, ते सांगावे लागत नाहीत.

आणि केसरबाई केरकर आठवा. गोव्याच्या केरी गावच्या. त्यांचं साडेतीन मिनिटांच्या आसपासचं एक भैरवीतलं गाणं १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोन्याच्या तबकडीतून अंतराळात गेलं. ते निवडताना आवाजाचं रेझोल्यूशन कुणी मोजलं नव्हतं.

आता सीडीकडे येऊ. १९८२ साली सोनी आणि फिलिप्सनी ती बाजारात आणली. सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा. हा ४४,१०० आकडा कुठून आला? डिजिटल आवाज तेव्हा व्हिडिओ टेपवर साठवत असत. टीव्हीच्या एका चित्रक्षेत्रात २४५ उपयोगी रेघा, रेघेवर ३ नमुने, सेकंदाला ६० क्षेत्रं. गुणाकार करा, बरोबर ४४,१०० येतो. आकडा असा जुगाडातून आला, पण तो पुरेसा होता. कारण नायक्विस्ट आणि शॅनन यांच्या सिद्धांतानुसार जितके नमुने घ्याल, त्याच्या निम्म्या हर्ट्झपर्यंतचा आवाज पूर्णपणे परत मिळवता येतो. म्हणजे २२,०५० हर्ट्झपर्यंत. ‘नमुन्यांच्या मधला आवाज हरवतो’ हा समज चुकीचा आहे. त्या मर्यादेच्या आत मधलं काहीच हरवत नाही.

मग हाय-रेझ काय देतं? ९६ हजार किंवा १ लाख ९२ हजार नमुने, २४ बिट. जास्त नमुन्यांमुळे २२ हजारांच्या वरचा आवाज साठतो, जो माणसाचा कान ऐकत नाही. पन्नाशीनंतर तर बहुतेकांना पंधरा हजारांच्या वरचंही ऐकू येत नाही. इथं कुणी म्हणेल, तानपुऱ्याचं काय? जवारीतून निघणारे स्वयंभू स्वर वर-वर जातच राहतात ना? जातात. पण हिशेब करू. काळी एकचा षड्ज सुमारे १३८.६ हर्ट्झचा. त्याचा विसावा स्वयंभू स्वर पावणेतीन हजारांच्या जवळ येतो. वीस हजारांपर्यंत पोचायला एकशे चव्वेचाळिसावा लागेल! जवारीचा जो झंकार आपल्याला सुखावतो, तो याच्या खूप खाली, सीडीच्या आवाक्यात आहे.

आणि २४ बिट? १६ बिटांत सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात बारीक आवाजात ९६ डेसिबलचं अंतर मिळतं. गाण्यातला सर्वांत मोठा क्षण तुम्ही कानाला त्रास होईल अशा १०० डेसिबलला लावला, तरी १६ बिटांचा मूळ खरखराट ४ डेसिबलपाशी राहतो. साधं बोलणं ६० डेसिबलचं असतं. कल्याणनंतर गर्दीनं भरलेल्या लोकलमध्ये तर बोलायला ओरडावं लागतं. तिथं ४ डेसिबल कोण ऐकणार?

हे झालं गणित. पण कान गणितापेक्षा हुशार असेल तर? म्हणून चाचण्या झाल्या, एडिसनसारख्या नव्हे तर नियमानं. २००७ मध्ये मायर आणि मोरान यांनी हाय-रेझ तबकड्यांचा आवाज एकदा तसाच, एकदा १६ बिट-४४,१०० मधून गाळून ऐकवला. ५५४ वेळा विचारलं, २७६ वेळा उत्तर बरोबर. म्हणजे ४९.८ टक्के, नाणं उडवल्यासारखंच. त्यावर आक्षेपही आले, की काही तबकड्यांचं मूळ मुद्रणच हाय-रेझ नव्हतं. २०१६ मध्ये लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठाच्या जोशुआ रीस यांनी १८ अभ्यास एकत्र केले. साडेबारा हजारांच्या आसपास चाचण्या, त्यात बरोबर उत्तरं ५२.३ टक्के. प्रशिक्षण दिलेल्या श्रोत्यांचं प्रमाण मात्र साठ टक्क्यांच्या जवळ गेलं. तेव्हा ‘फरक मुळीच नाही’ असं छातीठोक म्हणता येत नाही. असलाच तर तो इतका बारीक आहे, की शांत खोलीत, कान तयार करून, तोही दहातल्या सहा वेळा.

मग लोक शपथेवर सांगतात, हाय-रेझ छान वाटतं, ते खोटं बोलतात का? नाही. मायर आणि मोरान यांनीच नोंदवलंय, की हाय-रेझ म्हणून विकल्या जाणाऱ्या तबकड्या खरोखर चांगल्या वाजत होत्या, कारण त्यांचं मास्टरिंग निगुतीनं केलेलं होतं. तोच आवाज सीडीच्या मापात बसवला तरी तितकाच चांगला वाजला. श्रेय डब्याला मिळतं, चव स्वयंपाक करणाऱ्याची असते. शिवाय अर्धा-एक डेसिबल मोठं वाजलेलं गाणं आपल्याला ‘मोठं’ न वाटता ‘चांगलं’ वाटतं.

आणि ब्लूटूथचं काय? सीडीला सेकंदाला १,४११ किलोबिट लागतात, २४ बिट-१ लाख ९२ हजारला ९,२१६. ब्लूटूथच्या उत्तम पद्धतींपैकी एलडॅक, तिची कमाल ९९०. म्हणजे हाय-रेझचे पैसे भरले तरी फोनपासून कानापर्यंतच्या वाटेवर तो आवाज बारीक होतोच. डेटाही बघा. तासाभराचा राग न दाबता ठेवला तर सीडीच्या दर्जात ६३५ एमबी, हाय-रेझमध्ये ४ जीबीच्या वर.

घरी तपासायचं असेल तर तारेचे हेडफोन लावा, दोन्ही आवाज सारखे करा, आणि काय वाजतंय ते दुसऱ्या कुणाला तरी ठरवू द्या. सोळा वेळा ऐका. बारा किंवा जास्त वेळा बरोबर आलात तर ते नुसतं नशीब असण्याची शक्यता सुमारे ४ टक्के. दहाला अडकलात, तर पैसे चांगल्या हेडफोनवर घाला. हेडफोन बदलल्यावरचा फरक ओळखायला चाचणी लागत नाही.

पण मंडळी, हाय-रेझ निरुपयोगी आहे असं आमचं म्हणणं नाही. त्याची जागा दुसरीकडे आहे. ऐंशीच्या दशकात घरोघरी कॅसेट आल्या आणि खासगी मैफली, कीर्तनं, आजोबांची भजनं त्यांवर उतरली. आपल्याकडच्या पावसाळ्यात त्यांवर बुरशी चढते, टेप चिकटते. काही कॅसेट आता एकदाच वाजतील. ध्वनी-संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची शिफारस २४ बिट-९६ हजारची आहे ती अशा कामासाठी. खरखर काढायला, पातळी सावरायला पुढच्या माणसाला हात फिरवायला जागा हवी, आणि मूळ टेप पुन्हा मिळणार नसते.

म्हणजे हाय-रेझ ऐकण्यासाठी नाही, जपण्यासाठी आहे. लोकलमधल्या कानाला सीडीचा दर्जा पुरून उरतो. माळ्यावरच्या खोक्यातल्या कॅसेटला मात्र तो पुरणार नाही, आणि तिच्याकडे वेळही फार उरलेला नाही. तेव्हा महिन्याच्या वर्गणीचा विचार नंतर करा, आधी ते खोकं खाली काढा.