एका ओळीचे दोन पक्षी

फणसवाडीतली खोली रिकामी करताना आजोबांची एक वही सापडली. रविवारी बोरिवलीच्या जंगलात पाहिलेल्या पक्ष्यांची. त्यात एक ओळ होती : 'जानेवारी १९७९. लाल छातीचा माशीमार, १.' बस्स, एवढंच. ती एक्सेलमध्ये टाकायला बसलो आणि अडकलो. कारण त्या एका नावाचे आता दोन पक्षी झालेत!

तसे ते आधीही दोनच होते. युरोपातला 'पार्वा'. सैबेरियातल्या भावाला पल्लासने १८११ मध्ये 'अल्बिसिला' असं वेगळं नाव दिलं होतं. पुढे दोघांना एका जातीत घातलं गेलं. सालिम अली आणि रिप्ली यांच्या 'हँडबुक'मध्येही त्या एकाच जातीच्या दोन उपजाती आहेत. २००५ च्या सुमारास आवाज, पिसं आणि डीएनए पाहून पुन्हा वाटणी झाली. दुसऱ्याला आता तैगा माशीमार म्हणतात.

दोघांच्याही शेपटीच्या बुडाशी पांढरं असतं. पण पार्वाच्या नराची लाली गळ्यावरून छातीवर उतरते आणि हिवाळ्यातही टिकते. तैगाची गळ्यापुरतीच, खाली राखाडी पट्टा, आणि हिवाळ्यात तीही जाते. लाली नसली तर? तैगाची चोच काळी आणि शेपटीवर टेकलेली पिसं शेपटीहून काळीकुट्ट. पार्वाच्या चोचीचं बूड फिकट.

पार्वा हिवाळ्यात मुख्यतः पश्चिम आणि दक्षिण भारतात येतो, तैगा पूर्वेकडे. म्हणजे आजोबांचा बहुतेक पार्वाच. पण 'बहुतेक' ही काही नोंद नव्हे. आणि 'लाल छातीचा' हे पुस्तकातलं नाव झालं, त्यांनी खरंच लाल छाती पाहिली का, ते लिहिलेलंच नाही.

आमच्या शेजारच्या खेतवाडीत वाढलेले सालिम अली १९०८ मध्ये पिवळ्या गळ्याची एक मेलेली चिमणी घेऊन बीएनएचएसमध्ये गेले होते. १८८३ मध्ये ही संस्था काढणाऱ्या आठ जणांत आत्माराम पांडुरंग आणि सखाराम अर्जुन हे आपले दोन डॉक्टरही होते. तिथे मिलार्डसाहेबांनी त्या मुलाला लेबलं लावून जपलेले नमुने दाखवले. नावं बदलली तरी असा नमुना शंभर वर्षांनीही ड्रॉवरमधून काढून पुन्हा तपासता येतो. वहीतलं नुसतं नाव कसं तपासणार?

आमच्या धंद्यात सांगायचं तर आजोबांनी निष्कर्ष सेव्ह केला, मूळ डेटा नाही. आता विचारायला ते नाहीत.

असो. एक्सेलमध्ये मी 'पार्वा किंवा तैगा' असं लिहिलंय. आणि माझ्या वहीत हल्ली आधी गळा, चोच, शेपटी लिहितो. नाव सगळ्यात शेवटी.